मोहाखालची आग मी लावली होती

मंडळी, आज चर्चमध्ये योसेफावर खोटा आळ आला तो भाग वाचला. माझी मान वर होईना.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून मी झाडाखालचा पाला पेटवला. आग जंगलात पसरली. फॉरेस्ट गार्डला मी शेजारच्या सोमाजीचं नाव सांगितलं. तो महिनाभर तुरुंगात होता.

सोमाजी आता नाही. आज चर्चबाहेर त्याच्या बायकोजवळ सगळं कबूल केलं.

ती म्हणाली, "सांगाले लय वर्षं लावले, भाऊ. मले तवाच माहीत होतं. देवानं माह्या लेकरायले उपाशी नाई ठेवलं. आता गावाले सांगा."

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहीन म्हणतो. तिथे माझी नातवंडंही असतात. त्यांनी नंतर मला आजोबा म्हटलं नाही तर?