‘अजून काळं!’ म्हणणारे मास्तर

आम्ही शाळेतल्या मैत्रिणी कुणाच्या लग्नात भेटलो, की पंगत उठते पण ड्रॉइंगच्या तासाचे किस्से उठत नाहीत. एकीचा संपतो न संपतो तोच दुसरी सुरू! हिंगोलीतले आमचे बाकीचे मास्तर आता नावानंही आठवत नाहीत. ड्रॉइंगचे दिगंबर मास्तर मात्र इतक्या वर्षांनीही खांद्यावरून वाकून बघतात आणि म्हणतात, “अजून काळं!”

*

शेडिंगच्या पहिल्या तासाला मास्तरांनी टेबलावर पेरू ठेवला. “उजेड खिडकीतून येऊन राहिला. पेरूवर कुठं पडला, कुठं न्हाई, तेवढंच बघा,” म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

पिकलेलं धान्य सरकारी लेव्हीत जायचं, असे ते दिवस. निम्म्या मुली अर्धपोटी यायच्या.

मास्तर परत आले, तर टेबलावर नुसता देठ! ते रागावले नाहीत. जरा वेळ आमच्या तोंडांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “उद्यापासून तांब्या. बघू कोण खातं!”

*

काशी कनेरगाव नाक्याकडच्या खेड्यातली. हिंगोलीत मावशीकडे राहून शिकायची. वडिलांनी तिला बजावलं होतं, “एका बी विषयात नापास झालीस, की लगीन!”

गणितात ती सगळ्यांच्या पुढे. ड्रॉइंगमध्ये मात्र तिचा तांब्या धुक्यात ठेवल्यासारखा फिका.

“काशे, सावली कुठंय?”

“हाय की मास्तर. बारीक हाय.”

“दाब दे पोरी! काहून भिऊन राहिलीस?”

“पेन्सिल झिजंल, मास्तर. परीक्षेला पुरवायची हाय.”

महायुद्धापासून बाजारात पेन्सिली दिसेनाशा झाल्या होत्या. तिची करंगळीएवढी उरली होती. मास्तरांनी त्या दिवशी ‘अजून काळं’ म्हटलं नाही.

*

एकदा संस्थानचे इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. माझा कागद उचलून म्हणाले, “पीतल का लोटा काला क्यूँ?”

मी मास्तरांकडे बघितलं. एवढ्यातेवढ्यावरून मास्तर लोकांच्या नोकऱ्या जायच्या तेव्हा.

मास्तर अदबीनं पुढे झाले. “हुजूर, पेन्सिल काली है!”

साहेब गेल्यावर त्यांनी टोपी काढून घाम पुसला. मग माझ्या तांब्यावरची ज्वारीच्या दाण्याएवढी कोरी जागा दाखवून म्हणाले, “पितळ चमकतं ते एवढ्याशा पांढऱ्यामुळं. आणि हे पांढरं दिसतं ते शेजारच्या काळ्यामुळं. इथं हात लावू नका.”

*

पेन्सिली अगदीच संपल्या, तेव्हा मास्तरांनी फर्मान काढलं. “चुलीतला कोळसा आणा. कापसाच्या पऱ्हाटीचा असला तर चांगला, मऊ उठतो.”

दुसऱ्या दिवशी शांतानं कोळसा पुरता विझायची वाट न बघता फडक्यात बांधून आणला. प्रार्थनेतच तिच्या दप्तरातून धूर निघाला!

“विझलेला आणायचा, बाई!” मास्तर ओरडले.

आम्ही हसून हसून बेजार. काशी तेवढी हसली नाही. तिच्या मावशीच्या चुलीत गोवऱ्या जळायच्या. गोवरीची राख होते, कोळसा होत नाही. ती आपली पेन्सिलीचा तोच तुकडा नखात धरून फिकट फिकट ओढत बसली.

*

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आजूबाजूची गावं जळायला लागली. कोण जाळतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, नाव कुणी घेत नव्हतं. बऱ्याच मुली घरच्यांबरोबर संस्थानच्या सरहद्दीपलीकडे वाशीमला निघून गेल्या. काशी गावी गेली होती, आणि तिचं गाव जळालं, एवढंच आमच्या कानावर आलं होतं.

ड्रॉइंगच्या परीक्षेला आम्ही थोड्याच जणी उरलो होतो. मास्तरांनी तांब्या मांडला. तेवढ्यात काशी दारात आली. हातात पेन्सिल नव्हती. ओच्यात कोळसे होते, मोठाले, दाराच्या चौकटीच्या लाकडाएवढे जाड.

कुणाशी न बोलता ती बसली. तांब्या काढला. सावली काळी केली. मग मागची भिंत, मग टेबल, मग तांब्यावरची ती कोरी जागासुद्धा.

मास्तर तिच्या खांद्यावरून वाकले.

“पुरे, काशे.”

तिचा हात थांबला नाही.

“पुरे, पोरी. पास केलं तुला.”

काशीनं वर न बघता ओच्यातला दुसरा कोळसा उचलला.

“अजून लई हाय, मास्तर. सगळं घर हाय.”