काचेतली पत्ती

"पह्यला का दुसरा?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला की मला हातातलं काम सोडावं लागे. आधी क्लॅरिओनेटचा एक लांबच लांब सूर यायचा. मग थोडी खुडबुड, आणि पुन्हा तोच सूर. मग प्रश्न. उत्तर दिलं नाही तर पुन्हा पहिला सूर, पुन्हा दुसरा, आणि पुन्हा तोच प्रश्न. माझ्या वर्गातल्या मुलींनी गणिताचा एवढा पिच्छा पुरवला असता तर सगळ्या पास झाल्या असत्या.

मी अमरावतीला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. माझे यजमान गेले, त्यानंतर अंबागेटच्या आत एका घराच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या आणि भाऊंची शेजारीण झाले. दोन्ही अंगणांच्या मध्ये एक बुटकी भिंत होती. 'भाऊ' हे गल्लीने दिलेलं नाव. त्यांच्या घरचा धंदा भाजीपाल्याचा. अकोल्याला, जुन्या शहराच्या टोकाला, मोर्णेच्या काठी त्यांच्या थोरल्या भावाचा मळा होता. हे मात्र तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये शिरले आणि तिथेच रमले.

तुम्ही त्या काळात वऱ्हाडात एखाद्या वरातीबरोबर चालला असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. लाल कोट, खांद्यावर पिवळी दोरी आणि पायात दुसऱ्या कोणाच्या तरी मापाची पँट. बँडच्या अगदी पुढे, डोळे मिटून क्लॅरिओनेट वाजवणारा किडकिडीत माणूस. तुम्ही नवरदेवाच्या घोड्याकडे बघत होतात, म्हणून लक्षात राहिले नसतील.

त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी भिंतीजवळ जाऊन स्पष्ट सांगितलं, "भाऊ, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हनूनच तुमाले इचारून राह्यलो, मास्तरीनबाई," ते म्हणाले. "गानं समजनारा मानूस गानंच आयकते. मले निसता आवाज पाह्यजे. तुमाले काई वाटते का आयकून?"

"नाही."

"मंग झालं तं! वाटनारा मानूस या कामाचा नाई."

ते खरं होतं. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नसे. यजमानांचं तेरावं झालं, मी शाळेत गेले आणि फळ्यावर भागाकार लिहिला. भाजीत मीठ आहे की नाही ते कळायचं नाही. पुढ्यात आलेलं खाऊन मी उठायची. लोक त्याला धीर म्हणायचे. मी काही म्हणायची नाही. माझ्या त्या अवस्थेचा कोणाला काही उपयोग असू शकतो, हे फक्त भाऊंना सुचलं.

क्लॅरिओनेटच्या वरच्या टोकाला, म्हणजे माउथपीसला, वेतासारख्या काडीची एक पातळ पट्टी बांधलेली असते. बोटाएवढी. बँडमधले बाकीचे तिला रीड म्हणत, भाऊ पत्ती म्हणत. फुंकलं की ती थरथरते आणि सगळा आवाज तिच्या थरथरण्यातून येतो. एका डबीतल्या पत्त्या दिसायला जुळ्या बहिणी, पण एक गोड बोलते आणि दुसरी खेकसते. असं का होतं ते भाऊंनाही सांगता येत नव्हतं. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

नवी पत्ती आली की ती आधी भाऊंच्या तोंडात भिजत पडे. तेवढा वेळ त्यांना बोलता येत नसे, आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, नेमक्या तेव्हाच घरातल्या सगळ्या तक्रारी काढत. "आता पाहा कसे गप आयकते," त्या मला भिंतीवरून सांगत. दारावर आलेल्या भाजीवालीशी घासाघीससुद्धा भाऊ पत्ती तोंडात ठेवून, नुसत्या भुवयांनी करत. मग पत्ती उन्हाकडे धरून पाहायची, नखावर दाबायची, पॉलिश पेपरवर हलक्या हाताने फिरवायची. ती माउथपीसवर बांधायची, खालचं भोक तळहाताने दाबायचं आणि वरून हवा ओढायची. पत्ती नीट बसली असेल तर ती जराशी चिकटून राही आणि मग 'पट्' असा आवाज करून सुटे. गल्लीतली पोरं तोंडाने 'पट्' करून भाऊंना फसवत, आणि भाऊ दर वेळी फसत.

माझ्याकडून नापास झालेली पत्ती ते फेकत नसत. परदेशातून येणाऱ्या पत्त्या तेव्हा मारामारीने मिळायच्या, फेकवत नसे. त्या सगळ्या अकोल्याला मळ्यात जात. वाफ्यात कोणतं बी पेरलं त्याची खूण म्हणून त्यांचे थोरले भाऊ त्या मातीत खोचून ठेवत.

"वाजली नाई म्हनून काय झालं," भाऊ म्हणत, "वांगे तं राखीन."

एक पत्ती मात्र निराळी होती. ती त्यांनी वाजवली तेव्हा दुसरा सूर यायच्या आतच मी म्हणाले होते, "पहिला." भिंतीपलीकडे क्लॅरिओनेट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भाऊ स्वतः भिंतीवर डोकावले आणि माझ्याकडे असे पाहू लागले, जणू ती पत्ती मीच घडवली होती.

ती त्यांनी खिडकीच्या काचेच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून, दोऱ्याने बांधून देवघरात ठेवली. किती लग्नं आली आणि गेली, तिला बाहेर काढलं नाही.

"एवढी चांगली आहे तर वाजवत का नाही?" मी विचारलं.

"वाजवली का मरत जाते, बाई. एकेक लगन तिले खाते. हिले ठेवतो."

"कशासाठी?"

"पाहू."

"हे गेल्यावर मी वाजवीन थे," वहिनी आतून म्हणाल्या.

माझं माहेर अकोल्याचं. एकदा मी सुट्टीत निघाले तर बडनेऱ्याला गाडीत भाऊ आणि वहिनी दोघेही भेटले. भाऊंच्या माउथपीसवर वरच्या दातांनी खाच पडली होती, त्यांना अकोल्याच्या एका दुकानातून नवा घ्यायचा होता. झालं, मलाही घेऊन गेले. दुकानातला एकेक माउथपीस त्यांनी काचेच्या कपाटावर पालथा ठेवला आणि एक डोळा मिटून खालून उजेड दिसतो का ते बघितलं. दुकानदार वैतागला.

"अहो, विकत घ्यायचा आहे की सोयरीक जुळवायची आहे?"

"थेच समजा," भाऊ म्हणाले. "जलमभर तोंडाले तोंड लावाचं हाय." वहिनींनी पदर तोंडाला लावला.

मला दुकानाकडे पाठ करून रस्त्यावर उभं केलं, कारण कोणता वाजतोय ते दिसलं असतं तर परीक्षा बाद. सूर, खुडबुड, सूर. "पह्यला का दुसरा?" मी तोंड उघडायच्या आत एक सायकलवाला थांबून म्हणाला, "दुसरा!" पानवाला म्हणाला, पहिला. बघता बघता माणसं जमली, दोन तट पडले आणि सायकलवाल्याची आणि पानवाल्याची चांगलीच जुंपली. भाऊंनी एकाचंही ऐकलं नाही. मी सांगितला तो माउथपीस घेतला आणि घरी जाईपर्यंत चिडचिड करत राहिले. "या समद्यायले गानं समजते," ते म्हणत होते. त्यांच्या तोंडी याहून मोठी शिवी मी ऐकली नाही.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी भाऊ उठले तर त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लोंबत होती. गल्ली म्हणाली, हवा लागली. डॉक्टर म्हणाले, लकवा, पण तोंडापुरता. काहींचा जातो, काहींचा राहतो. चहा प्यायले की डावीकडून गळे. वहिनी शेजारी फडकं घेऊन बसत.

"अर्धं तोंड सुट्टीवर गेलं, बाई," भाऊ मला म्हणाले. "पगारी हाय का बिनपगारी, पाहू."

लग्नांचा तो हंगाम बुडाला. बँडचा मालक तसा भला माणूस. तो येऊन सांगून गेला की तुळशीच्या लग्नापर्यंत तुमची जागा कोणाला देत नाही. तोवर आवाज परत आला तर पुढची रांग तुमचीच. नाही आला तर मागे झांजा आहेत, उपाशी ठेवणार नाही. तो गेल्यावर भाऊ ओट्यावर बसून राहिले.

"झांजा वाजवाले तोंड लागत नाई," ते म्हणाले. "मंग मी कोन?"

तेव्हापासून भिंतीपलीकडे रोज परीक्षा सुरू झाली. मऊ पत्ती, पातळ पत्ती, टोक कापलेली पत्ती, जुना माउथपीस, नवा माउथपीस. हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटून जाई आणि सूर मध्येच फाटे. भाऊ म्हणत, पत्ती सर्दावली. भाऊ म्हणत, माउथपीस खोटा निघाला. मी म्हणे, "दुसरा जरा बरा." तो खरंच जरा बरा असे, पण जराच. ओठाचं नाव कोणी काढलं नाही. वहिनींनी नाही, मी नाही, गल्लीतल्या पोरांनीसुद्धा नाही. त्यांनी 'पट्' करणंही सोडून दिलं.

एका संध्याकाळी भाऊंनी भिंतीवरून विचारलं, "बाई, यजमान गेल्यावर तुमाले कसं लागते?"

आमच्या वऱ्हाडातली माणसं तोंडावर बोलणारी, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"काही लागत नाही," मी म्हणाले.

"मले बी नाई." त्यांनी ओठाला बोट लावलं. "हे दुसऱ्याचं व्हट वाटते. पत्ती तिथंच असते, पन मले सापडत नाई." मग ते म्हणाले, "येते का पन थे परत?"

"माहीत नाही, भाऊ."

"तुमाले माहीत झालं तं सांगा."

दिवाळीच्या तोंडावर वहिनी भिंतीशी आल्या. माझ्याकडे पाहिलं आणि परत गेल्या. मग दोन काचा एकमेकींवर वाजल्याचा आवाज आला. मी ओळखलं. देवघरातली पत्ती निघाली होती.

पहिला सूर आला. खुडबुड झाली. दुसरा सूर आला.

"पह्यला का दुसरा?"

त्या दोन सुरांपैकी एक काचेतल्या पत्तीचा होता, आणि एक कुठल्या तरी साध्या पत्तीचा. मी दोन्ही पुन्हा वाजवायला सांगितले. भाऊंनी वाजवले. दोन्ही एकाच जागी फाटत होते, एकसारखे. मला 'पहिला' म्हणता आलं असतं. 'दुसरा' म्हणता आलं असतं. त्यांना आणखी काही दिवस पत्त्या तासत बसता आलं असतं. पण मला काही वाटत नाही एवढ्याच गुणावर त्यांनी मला नेमलं होतं.

"दोन्ही सारखेच, भाऊ," मी म्हणाले.

पलीकडे पत्ती सोडवल्याची खुडबुड झाली. मग भाऊ म्हणाले, "बरोबर हाय." आणि क्लॅरिओनेटच्या पेटीच्या कड्या लागल्याचा आवाज आला.

मी जाऊन पेपर तपासायला बसले. 

भाऊंनी लाल कोट धुऊन, इस्त्री करून मालकाकडे पोचवला. झांजा घेतल्या नाहीत. दिवाळी झाल्यावर दोघे सामान घेऊन अकोल्याला मळ्यात राहायला गेले.

संक्रांतीला मी माहेरी गेले तेव्हा मळ्यावर जाऊन आले. भाऊ वाफ्यांना पाणी देत होते. वांगी, कोथिंबीर, मुळा, प्रत्येक वाफ्याच्या कोपऱ्यात एक पत्ती खोचलेली. माझ्या हातून नापास झालेल्या साऱ्या तिथे उभ्या होत्या.

"काचेतली कुठे आहे?" मी विचारलं.

"मेथीत."

मेथीचे दोन वाफे होते, शेजारी शेजारी. दोन्हींत एकेक पत्ती.

"कोणत्या?"

"तुमीच सांगा," भाऊ म्हणाले, आणि अर्ध्या तोंडाने हसले. "पह्यला का दुसरा?"

मी म्हणाले, "दुसरा." बरोबर की चूक ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या वाफ्यात पाणी सोडलं आणि पुढे गेले.

त्याच उन्हाळ्यात भाऊ गेले. तापाचं निमित्त झालं. मला उशिरा कळलं. पुढच्या थंडीत मी वहिनींना भेटायला गेले, तर त्या खाली बसून मेथी उपटत होत्या.  निघताना एक मोठी जुडी बांधून माझ्या पिशवीत घातली. "घेऊन जा, मास्तरीनबाई. खानारं कोन हाय इथं?"

अमरावतीला परत आल्यावर मी अंगणात मेथी निवडायला बसले, तर मुळांच्या गुंत्यातून एक पत्ती निघाली. करडी पडलेली, टोक कुरतडलेलं. ती काचेतली होती की नापासांपैकी एक, ते मला ओळखता येईना. भाऊ असते तर त्यांनी उन्हाकडे धरली असती. मी धरून पाहिली. मग कशी कोण जाणे, ते ठेवायचे तशी तोंडात ठेवली आणि भिजू दिली.

आधी काही लागलं नाही. मग माती लागली. आणि मग मेथीचा कडूपणा जिभेवर असा चढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कडू, चांगलं कडू, घशापर्यंत.

माहीत झालं तर सांगा, म्हणाले होते भाऊ. मी उठून भिंतीशी गेले. पलीकडे आता एका कारकुनाचं बिऱ्हाड होतं. कारकुनाची बायको कपडे वाळत घालत होती. मला तशी उभी बघून ती थांबली.

"काय पाह्यजे, बाई?" तिने विचारलं.

मला सांगता येईना. पत्ती तोंडात होती.