सहा तारांविरुद्ध तीन स्प्रिंगा

रविवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास, सासूबाईंच्या दुकानात बसून, जावयाने एका गिटारच्या सहाच्या सहा तारा पक्कडीने कापून टाकल्या. हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कुणी ते विचारणार नाही. जावई म्हणजे अस्मादिकच. पण जे केलं ते 'मी' म्हणून सांगायला जीभ रेटत नाही, तेव्हा जावईच म्हणू. शिवाय गोष्ट त्याची नाहीच, सासूबाईंची आहे.

झालं असं की सासूबाई चहाची पावडर आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या. टेबलावर उशीवर गिटार निजलेली, शेजारी नव्या तारांचं पाकीट. जावयाला वाटलं, जुन्या तारा काढून ठेवू, तेवढंच त्यांचं काम हलकं होईल. गावच्या शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला कागदी पाकिटं करून त्याने एकदा शाबासकी मिळवली होती. तेव्हापासून आपल्या हातात कसब आहे असा त्याचा समज आहे. प्रत्येक तार टण् करून तुटायची, त्यात गंमतही वाटत होती. सहावी तुटली आणि गिटारच्या पोटात खाड् असा आवाज झाला. तारा जिथे अडकवतात तो लोखंडी ब्रिज तोंड वर करून मागच्या खड्ड्यात कलंडला.

इथेच थांबला असता तरी निभावलं असतं. पण एक चूक झाकायला माणूस दुसरी करतो. त्याने गिटार पालथी केली, मागचं झाकण उघडलं आणि आतली एक स्प्रिंग पक्कडीत धरून ओढली. तिचा आकडा सरळ झाला.

सासूबाई आल्या. चपला काढल्या, पावडरीचा पुडा फळीवर ठेवला, टेबलाकडे पाहिलं.

"हाताला लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"मग राहू द्या."

जावई हा दहावा ग्रह, त्याला बोलायचं नसतं. दुसरा कुणी असता तर त्याची सालटी निघाली असती. ते काम नंतर फोनवरून त्यांच्या लेकीने केलं. "आई तुला काही बोलली नसेल, म्हणून मी बोलते," बायको म्हणाली. "गाढव आहेस."

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गिटारचा ब्रिज लाकडाला घट्ट बसवलेला असतो, त्याला कसली फिकीर नाही. पण काही गिटारींचा ब्रिज बागेतल्या सीसॉसारखा तोललेला असतो. पुढून सहा तारा ओढतात, मागून तीन स्प्रिंगा, आणि मधला ब्रिज दोन खुंट्यांना नुसता धारेने टेकलेला. त्याला एक दांडी असते. दांडी दाबली की सूर खाली घरंगळतो, सोडली की परत जागेवर. याला ट्रेमोलो म्हणतात. एक बाजू हलली की दुसरीने हललंच पाहिजे. म्हणून तारा बदलायच्या तर एकेक. नाहीतर ब्रिजखाली आधी लाकडी पाचर घालायची. सासूबाईंच्या खणात अशा पाचरी डझनभर होत्या. जावयाने तो खण कधी उघडला नव्हता.

सासूबाईंना हे कुणी शिकवलं नाही. त्या मुळात शिलाई मशीनवाल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा या दुकानात त्यांचे यजमान मशीनी दुरुस्त करायचे. यजमानांची बोटं जाड, बारीक स्क्रू त्यांच्या हातून निसटायचे. "जरा इकडे या हो," असं दिवसातून चाळीसदा ऐकून ऐकून शेवटी बाईंनी स्टूलच टाकलं. ते स्टूल अजून तिथेच आहे आणि बाईही. मधे पस्तीस वर्षं गेली, यजमान गेले, शिंपी एकामागून एक तयार कपड्यांच्या दुकानात कामाला लागले. मशीनी येईनाशा झाल्या. एक दिवस एक शिंपी आपली मशीन आणि मुलाची गिटार एकाच रिक्षात घालून घेऊन आला. "काकू, याच्यातही स्प्रिंगा आहेत," म्हणाला. काकूंनी मागचं झाकण काढलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मशीनच आहे ही. वरचा धागा आणि खालचा धागा. दोघांचं पटलं की टाका सरळ." त्या दिवसापासून शिंप्यांची जागा वाजवणाऱ्यांनी घेतली. काकूंना गिटार वाजवता येत नाही. सूर त्या बोटाने दाबून आणि डोळ्याने बघून लावतात, टाका बघावा तशा.

आता त्यांचं वय बासष्ट. उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि कंबर अशी की स्टुलावरून उठताना त्या आधी टेबलाची परवानगी घेतात. उठायच्या वेळी "चला" म्हणतात, पण लगेच उठत नाहीत.

ही गिटार बोटवाल्याची होती. तो प्रवासी बोटीवर वाजवतो, नऊ-नऊ महिने समुद्रात असतो, म्हणून बोटवाला. आणि त्याच्या डाव्या हाताची अनामिका बोटीच्याच एका दारात चिरडली होती, म्हणूनही बोटवाला. त्या बोटाने तार ओढता येत नाही. इतर वाजवणारे तार बोटाने ताणून सूर वळवतात. हा तो दांडीने वळवतो. म्हणजे जे बोटाला जमत नाही ते ब्रिज करतो. म्हणूनच त्याला बारीक तारा लागतात आणि मागे नरम, दहा वर्षं वापरून सैलावलेल्या स्प्रिंगा. सासूबाईंनी चार दिवस खपून तो तोल त्याच्या हाताच्या मापाने बसवला होता. फक्त तारा बदलायच्या राहिल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी पाचला त्याची गाडी बंदराकडे निघणार होती. बोटीवर दुरुस्त करणारा कुणी नाही. ब्रिज हाताला जुळला नाही तर पहिल्याच आठवड्यात बँडचा म्होरक्या त्याला परत पाठवणार, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. गेल्या खेपेला दुसरी गिटार घेऊन गेला होता, तेव्हा तसंच झालं होतं.

"करू," सासूबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी डोळे मिटले होते.

आकडा पुन्हा वाकवायला गेल्या तर जुन्या लोखंडाने जीव सोडला, तुकडा टिचकन उडून फळीखाली गेला. डब्यातली एक नवी स्प्रिंग घातली. दोन जुन्या, एक नवी. ब्रिजखाली पाचर देऊन, मागचे स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवत तो सपाट आणला. अंधार पडायला लागला तेव्हा थांबल्या. दिव्याखाली त्यांना ब्रिजची धार दिसत नाही.

सोमवारी सकाळी तारा चढवल्या. हे काम बघवत नाही. पहिली तार सुरात आणावी तर सहावी उतरते; सहावी चढवावी तर पहिल्या तिघी रुसतात. मग पुन्हा पहिलीपासून. जावयाने त्या दिवशी कचेरीतून सुटी काढली होती, प्रायश्चित्त म्हणून. तो फेऱ्या मोजत होता. अकरा झाल्या.

"तुम्हाला कंटाळा नाही येत, आई?"

"येतो की." त्यांनी खुंटी पिळली. "सकाळी उठल्यापासून येतो."

दोनला गिटार तयार झाली. सासूबाईंनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि डबा तसाच बंद केला. बोटवाला आला की गिटार द्यायची, शटर ओढायचं आणि आडवं व्हायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. तसं त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं.

बोटवाला तीनला आला. बॅग पाठीवरच होती. गिटार गळ्यात अडकवली, दांडी दाबली, सोडली. परत दाबली. थोडं वाजवलं.

"चालेल, काकू," तो म्हणाला.

जावयाला हायसं वाटलं. त्याने गिटारच्या पिशवीची चेनसुद्धा उघडली. पण सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे छान आहे."

"छान आहे तर छान म्हणायचं. खरं काय ते सांगा."

"खरं सांगितलं तर तुम्ही पुन्हा उघडून बसाल."

"मी काय करीन ते मी बघते."

बोटवाला ओशाळला. "बोट दुखत असतं तेव्हा मी हळू दाबतो ना, तेव्हा ती हलतच नाही. मग जोर लावला की एकदम जाते. पण मी घेईन सांभाळून, काकू. नऊ महिन्यांत सवय होईल."

"पहिल्या आठवड्यात परत पाठवतील असं तुम्हीच म्हणाला होता."

 सासूबाईंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. ओढलेला श्वास सोडायला त्यांना फार वेळ लागला. मग म्हणाल्या, "चला." आणि या खेपेला लगेच उठल्या.

दाराच्या चौकटीला एक हूक होता. त्याला सासूबाई एक स्प्रिंग लावायच्या, स्प्रिंगेला शिंप्याची जुनी लोखंडी इस्त्री टांगायच्या आणि किती ताणली ते टेपने मोजायच्या. बिस्किटांच्या डब्यात एकोणीस स्प्रिंगा होत्या. एकेक करून सगळ्या टांगून झाल्या. इस्त्री जावयाने उचलायची, माप त्यांनी घ्यायचं. सगळ्या नव्या, ताठ. जुन्यांपेक्षा दोन-दोन सूत कमी ताणल्या जायच्या. घड्याळात पावणेचार.

मग सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे दातांच्या डॉक्टरांची गिटार चौदा महिने टांगलेली होती. एक खुंटी बदलायला आली होती. ती बदलून झाली, निरोप गेले, डॉक्टर काही फिरकले नाहीत. ती गिटारही जुनीच.

"आई, ते डॉक्टरांचं आहे," जावई म्हणाला.

"दिसतंय मला."

यजमानांचा एकच नियम होता: गिऱ्हाइकाचं ते गिऱ्हाइकाचं, त्यातला स्क्रूसुद्धा दुसऱ्याला लावायचा नाही. एका कारागिराने एकदा बॉबिनची केस अशी इकडची तिकडे केली, तर यजमानांनी त्याला भर बाजारात हाकलून दिलं होतं. ही गोष्ट सासूबाईंनीच जावयाला साखरपुड्याच्या दिवशी ऐकवली होती. आता त्यांनी गिटार भिंतीवरून उतरवली, झाकण काढलं, आतली एक स्प्रिंग सोडवून हुकाला टांगली. टेप लावला. अगदी बरोबर.

त्यांनी बोटवाल्याच्या ब्रिजखाली पाचर सारली. नवी स्प्रिंग काढून झाली, पण जुनी ओढून आकड्यात बसवायला अंगठा चालेना. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा पदरात गुंडाळून दाबून धरला आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "जावईबापू, पक्कड खाली ठेवा."

पक्कड जावयाच्या हातात कधी आली होती ते त्यालाही आठवत नव्हतं.

त्यांनी शिलाईच्या जाड दोऱ्याचे आठ पदर करून स्प्रिंगेला फास घातला आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. "ओढा. हळू. अजून. मी थांबा म्हटलं की थांबायचं, श्वाससुद्धा घ्यायचा नाही."

"किती—"

"बोलायचं नाही. थांबा!"

आकडा बसला. जावयाच्या कपाळावरचा घाम उशीवर पडला. सासूबाईंनी फास कात्रीने कापला, डॉक्टरांच्या गिटारमध्ये रिकाम्या जागी नवी स्प्रिंग घातली, आणि मग पुन्हा त्या फेऱ्या. पहिली, सहावी, पहिली. या खेपेला सात.

पाचला सहा मिनिटं कमी असताना बोटवाल्याने गिटार हातात घेतली. दांडीला करंगळी लावली, नुसती लावली, आणि सूर कलला. सोडली तर परत आला. तो वाजवायला लागला आणि थांबेचना. रस्त्यावर गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. सासूबाई स्टुलावर बसून तारांकडे बघत होत्या, ऐकत नव्हत्या. तिसऱ्या हॉर्नला तो भानावर आला, गिटार पिशवीत घातली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "येतो, काकू." चालेल म्हणाला नाही.

सासूबाईंनी डॉक्टरांच्या गिटारला चिठ्ठी बांधली. 'एक स्प्रिंग देणे.' खाली तारीख. मग शटर अर्धं ओढून तिथेच जमिनीवर आडव्या झाल्या, उशाला तीच उशी. जावई दारात उभा राहिला. उठवावं की नाही, हे त्याला कळेना.

तीन आठवड्यांनी दातांचे डॉक्टर उगवले. भिंतीवरून गिटार खाली येण्याआधीच सासूबाईंनी सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर हसले. "अहो, नवी घातलीत ना? मग फायदा माझाच झाला. जुन्या दाताच्या जागी नवा!"

"तुमच्या हाताला फरक कळणार नाही. मला कळतो. तशीच स्प्रिंग आणून देईन."

"कशाला उगाच?"

"देणं आहे म्हणून."

डॉक्टर गिटार घेऊन गेले, तिची चिठ्ठी सासूबाईंनी आधीच काढून टेबलाच्या काचेखाली सरकवली होती. जावयाने त्याच आठवड्यात दुकानं पालथी घातली. सगळीकडे नव्याच. जुनी स्प्रिंग कुणी विकत नाही. शेवटी त्याने धीर करून विचारलं, "आई, नवीच दोन दिवस इस्त्रीला टांगून ठेवली तर?"

"नुसती टांगून ती थकत नाही. वापरून थकते."

"किती वापरून?"

"रोज तासभर वाजवली तर सात-आठ वर्षं."

जावयाला वाजवता येत नाही. त्याने एक मोडकी गिटार मिळवली आहे, तिच्यात एक नवी स्प्रिंग घातली आहे, आणि रोज सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता दांडी दाबतो. शंभर वेळा. बायको म्हणते, माझ्या नवऱ्याने हातपंप घेतलाय. सहा महिन्यांनी त्याने स्प्रिंग काढून दुकानात नेली. सासूबाईंनी इस्त्री टांगली, टेप लावला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "जशीच्या तशी."

"मग?"

"दोनशे दाबा."