सगुणा आणि मागचं दार

सगुणा गेल्याची बातमी मला रहीमभाईंनी सांगितली. चिखलीच्या बाजारात बांगड्या विकून ते खामगावला परतले होते. "सगुणाबाई गेल्या, बाई. परवाच दफन झालं. अख्खा गाव लोटला होता," एवढं दारातूनच बोलून ते मान खाली घालून निघून गेले. दुःख नंतर झालं. आधी मनात आलं, अख्ख्या गावाला कळलं आणि मला नाही... मरतानाही ही माझ्या एक पाऊल पुढेच.

आम्ही दोघी नागपूरला एकत्र नर्सिंग शिकलो. ती चिखलीच्या ख्रिस्ती मास्तरांची मुलगी, मी तिथूनच जवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची विधवा लेक. मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा शिकलेल्या परिचारिका थोड्याच, त्यामुळे दोघींनाही खामगावच्या धर्मादाय दवाखान्यात लगेच नोकरी मिळाली. मी तिथं आधी रुजू झाले. ती नंतर आली आणि दिवाळीपर्यंत रोगी तिच्याच नावानं हाका मारू लागले. माझा हात हलका आहे असं डॉक्टरसाहेब स्वतः म्हणत, तरी पट्टी बदलायला लोकांना सगुणाबाईच हवी असे. का, ते मला आजही सांगता येणार नाही. ती काही गोड बोलणारी नव्हती.

दवाखाना म्हणजे एका व्यापाऱ्यानं दान केलेलं, रुईच्या गाठींचं जुनं गोदाम. वर पत्रे, पत्र्याखाली ताणलेलं कापडी छत, खिडक्यांना जाड गज. पुढं एक मोठं दार होतं. मागच्या दाराला कायमचं कुलूप, त्याच्यापुढं मोडक्या खाटांचा ढीग. ते दार उघडायला हवं, हे मी सगुणा यायच्या आधीच दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एकांना म्हटलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि विसरले. सगुणानं मात्र पंचांच्या बैठकीत उभं राहून विचारलं, "पुढं आग लागली तं हे लोक कुठून निघतीन?" मागचं दार उघडं ठेवलं तर चोर येतील, असं एक शेठजी म्हणाले. "चोर कांबळे नेतीन, शेठजी. कांबळे पुन्हा घेता येते."

दार उघडलं. सुतार बोलावून ते बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवलं. रॉकेलचे डबे कपड्यांच्या खोलीतून अंगणापलीकडच्या छपरात गेले, वाळूच्या बादल्या आल्या. सगळे तिचं कौतुक करत होते. मी कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळत बसले होते.

मग तिनं सराव सुरू केला. रोग्याला चादरीसकट उचलायचं, दोघांनी चार टोकं धरायची आणि मागच्या दारानं न्यायचं. रोगी हसत, कामाला ठेवलेल्या आया कुरकुरत. पुढच्या खाटा तिच्या, मागच्या माझ्या, त्यात लहान मुलं. "ज्याच्या त्यानं आपल्याच खाटा पाह्याच्या. नात्यागोत्याकडं पाह्याचं नाई," ती बजावायची. नियम बरोबर होता. तो मला सुचला नाही, एवढंच माझं दुखणं.

त्या साली कापसाच्या हंगामात माझी आई बैलगाडीतून पडली आणि तिची मांडी मोडली. पायाला वजन बांधून तिला निजवलं होतं, पुढच्या दाराजवळ, म्हणजे सगुणाच्या हद्दीत. आई जुन्या वळणाची. सगुणाच्या हातचं पाणी ती घेत नसे, मलाच हाक मारी. खरं सांगते, मला ते आवडायचं. सगळा दवाखाना तिचा असला तरी एक खाट माझी होती...

एका दुपारी पुढच्या दाराजवळच्या मलमपट्टीच्या खोलीत स्टोव्ह भडकला. शेजारी कापसाची टोपली होती. ज्वाळा पाहता पाहता छताच्या कापडाला लागल्या आणि पुढचं दार धुरात दिसेनासं झालं. "गोदे! गोदे व!" आई ओरडत होती. मी तिच्याकडं वळले, तोच धुरातून सगुणाचा आवाज आला, "गोदा, तुह्या खाटा पाह्य! तुही माय माह्याजवळ हाय!"

मी माझ्या खाटांकडं वळले. आधीच भाजून दवाखान्यात आलेलं एक पोर कडेवर घेतलं, दुसऱ्याला चादरीत घातलं आणि मागच्या दारानं बाहेर ठेवून परत आत गेले, पुन्हा गेले. आईच्या हाका पाठीमागून येत होत्या. त्या थांबल्या तेव्हा मी शेवटच्या खाटेशी वाकले होते. शेवटचं मूल घेऊन बाहेर आले, तर आई अंगणातल्या कडुलिंबाखाली होती. सगुणानं वजनाची दोरी कापून, दवाखान्यातल्या एका आयाच्या मदतीनं तिला आणलं होतं. सगुणाचे केस एका बाजूनं जळले होते, आणि आई तिच्या हातानं घोट घोट पाणी पीत होती.

कुणीही दगावलं नाही. छप्पर मात्र कोसळलं.

आई बरी झाली, काठीवर चालू लागली. घरी येईल त्याला सांगायची, "सगुणेनं काढलं मले. माही पोरगी परक्या लेकराईमागं धावत होती." मी नियम समजावला. "तू काऊन नाई आली?" एवढंच ती विचारी. सगुणानंही तिला समजावलं, "माय, गोदा तिकडं नसती तं ते पोट्टे मेले असते." आई कौतुकानं तिच्याकडं पाहत म्हणाली, "पाह्य, किती साजरं बोलते सगुणा." शेवटच्या आजारात आईनं तिला लेक म्हणून हाक मारली. मी पायाशी बसले होते.

रहीमभाई सांगून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी मोटारीनं चिखलीला गेले. नोकरी सुटल्यापासून सगुणा भावाकडं राहत होती. भावजयीनं तिची खोली दाखवली. खाटेवर एक वाकळ होती. हिरव्या, काठ विरलेल्या लुगड्याची... माझ्या आईच्या लुगड्याची. आईनं ती कधी शिवली, कधी दिली, मला पत्ता नव्हता. माझ्यासाठी तिनं कधी वाकळ शिवली नाही. "न्या तुम्ही," भावजय म्हणाली, "आक्का रोज हीच पांघरत होत्या." मी नको म्हणाले नाही. झटकन घडी केली आणि छातीशी धरली, कुणी परत मागेल असं वाटून.

घरी येऊन नाकाला लावली. आईचा वास येईल वाटलं होतं. आला तो सगुणाचा, कार्बोलिक साबणाचा. आता दर रविवारी मी ती धुवायला काढते, अंगणापर्यंत नेते, आणि तशीच घडी करून उशाशी ठेवते.