अक्कांचे अर्ज

दुसऱ्याच्या दुःखाकडे आमच्या घरमालकीणबाईंइतक्या आशेनं पाहणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. आपण साधी माणसं. कुणाचं वाईट झालेलं ऐकलं की ‘अरेरे’ म्हणतो, चहा टाकतो आणि विषय बदलतो. अक्कांचं तसं नव्हतं. एखाद्या गल्लीतल्या बायकांचं काम सुटलं, एखाद्या वाचनालयाचं छप्पर खचलं, की त्यांच्या चष्म्याआड चमक येई आणि त्या खुर्ची पुढे ओढून विचारीत, “नोंदणी आहे का?” संस्थेची नोंदणी असली तर त्या दुःखाला काही भवितव्य होतं. नसली तर अक्का उसासा टाकून सात सभासद गोळा करायला लागत, कारण सात सह्यांशिवाय संस्था होत नाही आणि संस्थेशिवाय अनुदान मिळत नाही. माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला त्या आल्या, तेव्हा बायका वाण बघत होत्या आणि अक्का बायका मोजत होत्या.

नव्वदीच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याची बदली सरकारी कारखान्यात बंगलोरला झाली आणि नागपूरहून आम्ही थेट मल्लेश्वरममध्ये, अक्कांच्या वरच्या मजल्यावर येऊन पडलो. त्यांचं घराणं तीन पिढ्या तिथलंच. घरात मराठी बोलत, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं, की कुठली भाषा कुठं संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लग्न केलं नव्हतं. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या पत्रव्यवहार विभागात त्यांनी उभा जन्म साहेबांच्या नावानं पत्रं लिहिली. त्यातली चांगली ती साहेबांची ठरली, आणि चुकलेली अक्कांची. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात किंवा मुलाकडे अमेरिकेला. अक्कांना ना भक्ती होती ना मूल. म्हणून त्यांनी गावभरच्या संस्थांचे अर्ज लिहायला घेतले. कुठलं खातं कशासाठी पैसे देतं, कुठला ट्रस्ट कुणावर मेहेरबान आहे, कुठल्या परदेशी संस्थेला सध्या कशाचा कळवळा आलाय, हे सगळं त्यांना ठाऊक. मोबदला काही घेत नसत. फक्त आज्ञापालन घेत.

वर्तमानपत्र आम्ही दोन्ही घरांत मिळून एकच घेत असू. ते आधी त्यांच्या कात्रीखालून जाई आणि मग खिडक्या पाडलेल्या घरासारखं वर येई. एकदा कसोटी सामन्याचा निकाल वाचता वाचता माझ्या नवऱ्याच्या हाताला भोक लागलं. त्यानं जिन्यातून खाली डोकावून विचारलं, “अक्का, जिंकलो का हरलो?” खालून उत्तर आलं, “हरले हो, इंजिनियर. पण त्या बातमीच्या पाठीमागे मच्छीमार महिलांसाठी काय छान योजना होती!” मल्लेश्वरममध्ये मच्छीमार महिला कुठून आणणार, हे विचारायची आमची छाती झाली नाही. महिन्याभरानं मंगळूरहून एक बाई हातात पत्त्याचा चिठोरा घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि सोबत आणखी सहा.

देणाऱ्यांविषयी अक्कांचं मत फार उदार होतं. “त्यांना आपली गरज नको असते गं,” त्या मला समजावीत, “त्यांना त्यांचा शब्द हवा असतो.” त्या वर्षीचा शब्द त्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेवीत. एका वर्षी ‘लोकसहभाग’ होता, पुढच्या वर्षी ‘सक्षमीकरण’ आलं, मग ‘शाश्वत’. देवळामागची एकच विहीर या तिन्ही शब्दांनी तीनदा उपसली गेली आणि दर वेळी तळाशी तोच गाळ निघाला. आमच्या मराठी बायकांच्या भजनी मंडळाला पेटी हवी होती. भजनाला कोण अनुदान देणार? अक्कांनी मंडळाचं ‘ज्येष्ठ महिलांचे मानसिक स्वास्थ्य केंद्र’ करून टाकलं. मंजुरीचं पत्र वाचून मंडळाच्या अध्यक्षीणबाई तणतणत आल्या, “आम्हाला वेड लागलंय असं लिहिलंत?” अक्का शांतपणे म्हणाल्या, “पेटी पाहिजे की नको?” पेटी अजून वाजते. मानसिक स्वास्थ्याचं सांगता येत नाही.

फोटोच्या बाबतीत त्यांचे नियम कडक होते. मंजुरीच्या आधी हसायचं नाही, मंजुरीनंतर रडायचं नाही. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या एका गटाचा फोटो काढायचा होता आणि त्या सगळ्या डोक्यात मोगऱ्याचे हे एवढाले गजरे माळून, लग्नाला निघाल्यासारख्या आल्या. अक्कांनी गजरे काढायला सांगितलं. त्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “गरीब आहोत अक्का, मेलो नाही अजून.” फोटो गजऱ्यांसकट निघाला आणि खाली ओळ पडली : ‘सांस्कृतिक ओळख जपणारा महिला गट.’ ते मंजूर झालं. नकार आला तरी अक्का खचत नसत. नकाराच्या पत्रातलं व्याकरण लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून ते पोचदेय टपालानं परत पाठवीत. एका ट्रस्टनं पुढच्या वेळी नकाराचा मसुदाच आधी त्यांच्याकडे तपासायला पाठवला, असं माझा नवरा सांगतो. त्याच्यावर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही.

मला टायपिंग येतं, ही माहिती मी आल्या आठवड्यातच मूर्खासारखी बोलून गेले होते. त्यानंतर “स्वल्प वेळ आहे का गं?” अशी हाक जिन्यातून आली की माझी दुपार गेली, हे ठरलेलं. असल्याच एका दुपारी होसकोट्याचे मेष्ट्रु आले. तिकडे शिक्षकाला मेष्ट्रु म्हणतात. सडपातळ, खांद्यावर कापडी पिशवी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. मूकबधिर मुलांच्या घोळक्यात राहून ती जडलेली. होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला, एका कारखान्याच्या रिकाम्या गोदामात ते वीस-बावीस मुलांची शाळा चालवत होते. त्यांची स्वतःची मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. तिला कुणी शाळेत घेईना, म्हणून त्यांनीच शाळा काढली. आता मालकाला गोदाम परत हवं होतं. उन्हाळ्यापर्यंतची मुदत होती. पंचायतीनं जागेचा एक तुकडा दिला होता, पण त्यावर बांधायचं काय आणि कशानं?

“नोंदणी आहे का?” अक्कांनी विचारलं.

“आहे,” मेष्ट्रु म्हणाले, आणि अक्कांनी माझ्याकडे बघून खुर्ची पुढे ओढली.

दोन महिन्यांत आठ अर्ज गेले आणि सात नकार आले. आठव्याचं उत्तर एका परदेशी संस्थेच्या दिल्लीच्या कचेरीतून आलं : आमचे अधिकारी पाहणीला येतील. पाहणीच्या दिवशी अक्कांनी मला आणि डबाभर होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, बरोबर घेतल्या. पाहुण्याला आधी खायला घालायचं आणि मग शाळा दाखवायची, असा त्यांचा दंडक. गृहस्थ खरोखर सज्जन होते. तीन होळिगे खाल्ल्या, मुलांची चित्रं बघितली. मेष्ट्रुंची सात वर्षांची मुलगी पुट्टी त्यांच्या कोटाचं बटण धरून पूर्ण वेळ त्यांच्यामागून फिरली. तिनं त्यांना पाटीवर स्वतःचं नाव लिहून दाखवलं, पुसलं, पुन्हा लिहून दाखवलं.

“फार सुंदर काम आहे,” शेवटी ते म्हणाले. “फक्त...”

देणारे लोक ‘फक्त’ हा शब्द फार हळुवारपणे उच्चारतात.

“फक्त आमची यंदाची योजना संगणक प्रशिक्षणाची आहे. सोळा वर्षांवरच्या मुलांसाठी. तेवढा बदल केलात तर इमारत, संगणक, सगळं होईल. लहान मुलं मात्र या योजनेत बसत नाहीत.”

पुट्टीकडे न बघता मेष्ट्रु म्हणाले, “मोठी सात-आठ आहेत. त्यांना तरी छप्पर मिळेल.” आणि त्यांनी मान डोलावली. मी अक्कांकडे पाहिलं. भजनाचं मनोविकारशास्त्र करणाऱ्या बाईला यात अवघड असं काहीच नव्हतं. आता त्या ‘सरी, सरी’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणतील आणि घरी जाऊन मला टायपायला बसवतील, याची मला खात्री होती.

“नाही,” अक्का म्हणाल्या.

“मॅडम?”

“लहान मुलांना बाहेर उभं करून हे घर बांधायचं नाही.”

पाहुण्यांनी नम्रपणे डायरी मिटली. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि मेष्ट्रु, ज्यांचा आवाज आम्ही कधी चढलेला ऐकला नव्हता, ते कन्नडमध्ये ओरडले, “शाळा माझी आहे, अक्का! तुमची नुसती फाइल. उन्हाळ्यानंतर मुलांना कुठं बसवू मी? तुमच्या फायलीत?” मुलांना ऐकू येत नव्हतं, पण सगळी मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. अक्कांनी रिकामा डबा पिशवीत घातला.

त्यानंतर तीन दिवस वर्तमानपत्र अखंड येत राहिलं. नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत बातम्या वाचल्या आणि तो अस्वस्थ झाला. “खाली जाऊन बघ गं,” तो म्हणाला. चौथ्या दिवशी अक्का स्वतःच वर आल्या.

“मी तिथं नाही म्हणायला नको होतं,” त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. “मेष्ट्रुंना विचारायला हवं होतं. राग आला की मला सुचत नाही, आणि सुचलं नाही की मी नाही म्हणते. चल, टाइप कर. संगणक शिकायला भाषा लागते. ऐकू न येणाऱ्या मुलाला भाषा यायची तर लहानपणापासून शिकवावं लागतं. यात खोटं काही आहे का, सांग.”

“नाही.”

“मग घाल. संगणक प्रशिक्षणासाठी तयारी वर्ग. वय वर्षे पाच ते पंधरा. कालावधी...” त्यांनी छताकडे पाहिलं. “दहा वर्षे.”

माझी बोटं थांबली. “दहा वर्षांचा तयारी वर्ग?”

“तुझ्या नवऱ्यानं इंजिनियर व्हायला किती वर्षं तयारी केली?”

अर्ज टपालात टाकायच्या आधी त्या एकट्या होसकोट्याला जाऊन आल्या. मेष्ट्रुंची सही हवी होती. माफी मागितली का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. परतल्या तेव्हा पिशवीत सही केलेला अर्ज होता आणि मेष्ट्रुंच्या परसातल्या दोन पपया. महिन्यानं दिल्लीचं पत्र आलं. खाली त्या सज्जन गृहस्थांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती : ‘तयारी वर्गाचा कालावधी किंचित दीर्घ वाटतो, तरी मान्य.’ त्या ओळीत व्याकरणाची चूक काढायचा अक्कांनी खूप प्रयत्न केला. सापडली नाही.

इमारत उभी राहीपर्यंत मुलं पावसाळाभर एका कल्याण मंडपात बसली. लग्न असेल त्या दिवशी सुट्टी. उद्घाटनाला अक्का शेवटच्या रांगेत होत्या. आपलं नाव कुठं घ्यायचं नाही, अशी त्यांनी मेष्ट्रुंना तंबी दिली होती. “देणाऱ्याला वाटलं पाहिजे, की त्यालाच सुचलं.” भाषणं चालू असताना त्या माझ्या कानाशी लागून कोनशिलेवरच्या चुका सांगत होत्या. तीन निघाल्या.

दशक संपत आलं तेव्हा अक्कांचे डोळे गेले. म्हणजे त्यांनी सांगितलं नाही, आम्हालाच कळलं. वर्तमानपत्रातून योजना कापायच्या सोडून त्या वधूवरांच्या जाहिराती कापायला लागल्या. एक सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष मुलगी कित्येक दिवस ‘महिला कल्याण’च्या फायलीत पडून होती. “अक्का, ऑपरेशन करून घ्या ना. सोबतीला कुणाला तरी सांगू या,” मी म्हणाले. एवढ्या संस्था त्यांनी उभ्या केल्या होत्या, एक हाक पुरली असती. त्या भिंगानं टेबलावर काहीतरी शोधत राहिल्या. “दुसऱ्यासाठी मागताना मला काही वाटत नाही गं. स्वतःसाठी लिहायला बसले की इंग्रजीच येईनासं होतं.” शेवटी माझ्या नवऱ्यानं एका सकाळी रिक्षा दारात आणून उभी केली आणि त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फ्लास्कमध्ये सार घेऊन दवाखान्यात गेले. मेष्ट्रुंना कुणीतरी कळवलं होतं. ते बाहेर बाकावर बसले होते आणि आत अक्कांच्या खाटेपाशी पुट्टी होती. आता तेरा-चौदा वर्षांची, दोन वेण्यांची. अक्कांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. त्या तिच्या दिशेनं अंदाजानं बोलत होत्या, या वर्षीचा अहवाल गेला का, बाबांना सांग फोटो नीट लावायला. पुट्टी त्यांचे ओठ वाचून भराभरा हातांनी उत्तरं देत होती, आणि त्या हातांतलं अक्कांना काहीच दिसत नव्हतं. “आहेस ना गं तिथं?” त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

पुट्टी थांबली. मग तिनं अक्कांचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, तळवा उघडला आणि बोटानं त्यावर एकेक कन्नड अक्षर काढायला लागली. “हळू, हळू,” अक्का म्हणाल्या. तिनं पुन्हा काढलं. अक्कांचे ओठ हलले : “ऊट आय्ता?” जेवलात का?

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चाचपडत त्यांनी पुट्टीचा हात शोधला, तो सरळ केला आणि त्याच्यावर लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होत्या. काय ते मला दिसलं नाही. पुट्टी हसली, तळवा परकराला पुसला आणि पुन्हा त्यांच्यापुढे धरला. मी फ्लास्क घेऊन दाराशीच उभी राहिले.