तायाची विहीर

ताया माझी मुलगी. सव्वीस वर्षांची, शिकलेली, शहाणी, आणि दाढ सुजून एक डोळा मिटलेला असताना दर तासाला समुद्राचं पाणी मोजायला बर्फावर जाणारी. यातलं शेवटचं खरं असेल, तर शहाणी कशाला म्हणायचं हा प्रश्नच आहे.

कारा समुद्राच्या काठावरच्या आमच्या स्टेशनात चार माणसं. मी हवामान बघते, माझा नवरा प्रोखोर डिझेलचं इंजिन बघतो, आर्सेनी इग्नातिच प्रमुख आहेत म्हणजे ते आम्हाला बघतात, आणि ताया पाणी बघते. ती इथेच लहानाची मोठी झाली. आकडे शिकली ते धक्क्यावरच्या भरतीच्या पट्टीवरून. पाणी चढलं की खालचे आकडे बुडायचे, त्यामुळे चार आणि पाच हे आकडे फक्त ओहोटीला असतात अशी तिची बरीच वर्षं समजूत होती.

पुढे मी तिला अर्खांगेल्स्कला शिकायला पाठवलं. हेतू हा की जिथे रस्ते आहेत, ताजी भाजी आहे, दातांचे डॉक्टर आहेत, तिथे तिने संसार मांडावा. पदवी घेऊन ती परत इथेच आली. सोबत दोन पेट्या होत्या. निदान एकीत कपडे असतील असं मला वाटलं होतं. एकीत तारेची भेंडोळी निघाली आणि दुसरीत कप्प्या.

हिवाळ्यात धक्क्यावरची पट्टी बर्फात गाडली जाते, म्हणून ताया समुद्रावरच्या बर्फाला आरपार भोक पाडते. आम्ही त्याला विहीर म्हणतो. विहिरीवर तिपाई. समुद्राच्या तळाशी एक वजन, त्याची तार विहिरीतून वर येऊन तिपाईवरच्या कप्पीवरून जाते, आणि दुसऱ्या टोकाला छोटं वजन लोंबतं. भरती आली की अख्खा बर्फ वर उचलला जातो, तार सरकते आणि तारेवरचा काटा तिपाईला लावलेल्या पट्टीवर आकडा दाखवतो. एवढंच. पण हे एवढंच तासातासाला, चंद्राची एक फेरी पुरी होईपर्यंत, उधाणाच्या मोठ्या भरत्या आणि भांगाच्या लहान भरत्या दोन्ही धरून, एकही तास न चुकवता. मधला एक तास गेला की ताया म्हणते मालिका तुटली, पुन्हा पहिल्यापासून. वर विहीर गोठू नये म्हणून प्रत्येक वेळी पहारीने कवच फोडायचं.

महिना संपत आला आणि दाढ सुजली. आमच्याकडे औषध म्हणजे लवंगेचं तेल आणि इग्नातिचची पक्कड.

"मी एकदा रेडिओवाल्याचा दात काढला होता," इग्नातिच जेवताना म्हणाले.

"दुखणारा?" प्रोखोरने विचारलं.

"शेजारचा. पण त्याने तक्रार केली नाही."

ताया बाजरीची खीर न चावता गिळत होती. तिला ताप होता. मी म्हटलं, "रात्रीचे चार आकडे अंदाजाने भर आणि झोप. पाणी काय, आज आहे तसंच उद्या आहे."

"तसंच असतं तर मोजलं असतं कशाला, आई?"

"कोणाला कळणार आहे?"

"मला," ती म्हणाली आणि लोकरी बूट चढवायला लागली. अशा मुलीला काय बोलणार? अस्वल आलंच तर म्हणून मी तिच्या मागून बंदूक घेऊन गेले. थंडीने माझे हात कडक झाले आणि ती कंदील धरून आकडा दोनदा वाचत बसली.

तायाला शहरातल्या दवाखान्यात न्यायला हेलिकॉप्टर शुक्रवारी यायचं होतं. पुढे वादळ म्हणून ते गुरुवारीच आलं. मालिका संपायला नेमका एक दिवस उरला होता. ताया म्हणाली, मी येत नाही. वैमानिक म्हणाला, मी दहा मिनिटांच्या वर थांबत नाही. मी दोघांनाही जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "उद्या संध्याकाळी सहापर्यंतचे आकडे मी घेते. प्रोखोर पहार चालवेल."

ताया माझ्याकडे एका उघड्या डोळ्याने बघत राहिली. "अंदाजाने नाही?"

"अंदाजाने नाही."

"एकही तास न चुकवता?"

"मालिका टिकली तर तू उन्हाळ्यात जहाज येईपर्यंत तिकडेच राहायचंस. सगळे दात दाखवायचे, नीट जेवायचं, माणसांत राहायचं. कबूल?"

"आणि तुटली तर पुढच्या हेलिकॉप्टरने मी परत," ती म्हणाली. अर्धवट उपचार करून ती खरंच परत आली असती. मी तिला ओळखते. तिला आत ढकलून प्रोखोरने दार लावलं.

रात्रभर सगळं ठीक चाललं. दुपारी विहिरीतून सीलने डोकं काढलं. काढणारच. आजूबाजूला मैलोगणती बर्फ, आणि इथे एक मुलगी दर तासाला त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवते. सील आमच्याकडे नाकपुड्या फुलवून बघून गेलं. आणि जिथे सील तिथे अस्वल. तीनचा आकडा घेऊन आम्ही काठावर आलो, तर मागे विहिरीशी पांढरं धूड येऊन बसलेलं.

इग्नातिचनी एक रॉकेट उडवलं. अस्वलाने ते बघितलं. दुसरं उडवलं. तेही बघितलं.

"त्याला आवडतंय," प्रोखोर म्हणाला.

"आता पुरे," इग्नातिच म्हणाले. "कोणीही बर्फावर उतरायचं नाही. हा हुकूम आहे."

मी हुकूम मोडणार नव्हते. मुलगी दवाखान्यात असताना आईने अस्वलाच्या पोटात जाणं बरं दिसत नाही. पण आमच्या वाफेच्या न्हाणीघराची खिडकी सरळ विहिरीकडे उघडते. मी जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण तिथे बाकावर ठेवली आणि पट्टी शोधली. दिवस आता लांबले होते, आकडे दिसत होते. चारला दोनशे दहा सेंटीमीटर. अस्वल मधूनच पाण्यात पंजा मारायचं, त्यामुळे कवच धरत नव्हतं. तेवढं काम तरी त्याने केलं.

पाच वाजत आले. दोनशे अठरा. मी घड्याळाकडे एक डोळा आणि दुर्बिणीत एक डोळा ठेवून बसले होते, तेवढ्यात ते उठलं, तिपाईला पाठ लावली आणि सावकाश, डोळे मिटून पाठ घासायला लागलं. तिपाई कलली. ते बाजूला झालं तेव्हा काटा दोनशे तीसवर होता.

मी त्याला शिव्या दिल्या. प्रोखोर म्हणाला, "त्याला रशियन येत नाही, तो पलीकडच्या नोव्हाया झेम्ल्या बेटावरचा दिसतो." मी प्रोखोरलाही दिल्या. मग पाचचा आणि सहाचा आकडा काटा दाखवत होता तसाच घेतला.

"रिम्मा सावेल्येव्ना," इग्नातिच मला समजुतीने म्हणाले, "चारला दोनशे दहा आहे ना? पाचला अठरा टाका, सहाला सव्वीस. अस्वलाचं नाव कशाला? कोणाला कळणार आहे?"

महिनाभर मी तायाला हेच सांगत होते. तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाणी तुम्ही मोजलंत का?" मी विचारलं.

रात्री जेवणानंतर रेडिओवर ताया आली. दाढ काढली होती. अर्धं तोंड बधिर. मी विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, "आकडे सांग."

मी सांगितले. अस्वलही सांगितलं, इग्नातिचनी सुचवलेले अठरा नि सव्वीसही सांगितले. मला वाटलं, झालं. आता ही टाके घातलेल्या तोंडाने पुढच्या हेलिकॉप्टरात बसणार.

"पाठ घासायच्या आधी किती होतं?" तिने विचारलं.

"अठरा."

"आणि घासून झाल्यावर?"

"तीस."

"दोन्ही तू स्वतः बघितलेस? लागोपाठ?"

"बघत नव्हते तर काय न्हाणीघरात नाचत होते?"

"मग त्याने पट्टी बारा सेंटीमीटर हलवली. पुढच्या आकड्यांतून बारा वजा करायचे. बस." ती हसायला गेली आणि कळवळली. "न बोलता अठरा नि सव्वीस लिहून टाकले असतेस ना, तर सगळं फुकट गेलं असतं. मालिका टिकली, आई."

"टिकली तर कोणी जहाजापर्यंत तिकडे राहायचं कबूल केलं होतं?"

"मी," ताया म्हणाली.

"मग राहा. आणि सूप पी."

"पिते. आई, अस्वल गेलं की तिपाई सरळ करून ठेवशील? आणि विहीर बुजली तर—"

"नाही," मी म्हणाले. "बुजू दे. मी त्या विहिरीचं तोंड पाहणार नाही."

मी वळून बघितलं, तर प्रोखोर खिडकीतून अस्वल गेलं का ते बघत होता. पहार त्याच्या हातात होती.