गिरजाबाईची रांग

गिरजाबाई नव्या बाईला कामावर घेताना तिच्याशी काही बोलत नसत. घमेलं काठोकाठ पाण्यानं भरत, तिच्या डोक्यावर ठेवत आणि म्हणत, "त्या पळसापर्यंत जा अन् वापस ये." मग विटांच्या ढिगावर बसून तंबाखू मळू लागत. पळस दोनशे पावलांवर होता आणि मधली जमीन कारखान्याच्या पायासाठी सगळी खणून ठेवलेली. पाणी न सांडता परत आलेली बाई मी तरी पाहिली नाही.

माझंही सांडलं. भंडाऱ्याकडून भिलाईला येऊन तीनच आठवडे झाले होते. आमचे हे उभारणीच्या कामावर खलाशी, म्हणजे दोरखंडानं लोखंड वर चढवणारे, होते, पण एकाच्या मजुरीत घर भागेना. मी रिकामं घमेलं घेऊन परत नळावर गेले, भरलं, पुन्हा पळसापर्यंत गेले. पुन्हा सांडलं. तिसऱ्यांदा नळाकडे वळले तेव्हा गिरजाबाई ओरडल्या, "बस झालं वो माय! किती पाणी पाजशीन जमिनीले?" बायका हसल्या. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "सांडलं म्हणून सांगितलं कावून नाही मले?"

मी खाली पाहत उभी राहिले.

"जीभ गावालेच ठेवून आली काय? बरं, घेतो तुले. हात खरा आहे तुहा. तोंड तेवढं उघडाले शिक, नाही तर एखाद्या दिवशी कोणाचा जीव घेशीन."

त्या पाण्याकडे पाहतच नव्हत्या, हे मला नंतर कळलं. त्या म्हणत, "पाणी समद्याईचंच सांडते. मी सांडल्यावरची बाई पाहतो." कोणी पाणी सांडल्यावर मागे वळून बघे, कोणी म्हणे घमेलंच वाकडं आहे, कोणी म्हणे मला धक्का दिला. खोटं बोललेली बाई त्या घेत नसत. आमच्या वस्तीतल्या वासुदेवभाऊंच्या आईला त्यांनी म्हणूनच परत पाठवलं होतं. ती विधवा होती, रडली, पाया पडली, तरी नाही म्हणजे नाही. पुढे ती अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणीत दगड फोडायला गेली आणि खोकून खोकून वाळली. गिरजाबाई तेव्हा चुकल्या की नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. म्हणून तेही इथे लिहिलं.

त्यांचं काम म्हणजे ठेकेदाराला रेजा पुरवायच्या. रेजा म्हणजे आम्ही, माती आणि गिट्टी वाहणाऱ्या बायका. दर बाईमागे ठेकेदार त्यांना काही देई. स्वतः त्या घमेलं उचलत नसत. खरं सांगते, पहिले काही महिने मलाही वाटे की ही बाई नुसती बसून खाते.

पण रांग त्या लावत. ढलाई असली, म्हणजे पाया ओतायचा असला, की सिमेंट-गिट्टीचा मसाला कालवणाऱ्या मशीनपासून खड्ड्यापर्यंत फळ्यांची वाट करत आणि आम्ही डोक्यावर भरलं घमेलं घेऊन एकीमागे एक जात असू. कोणाच्या मागे कोण, हे गिरजाबाई ठरवत. भांडकुदळ जावांच्या मध्ये चार जणी टाकत. अंगावर पाजणारीला लेकरांच्या झोळ्यांजवळची फेरी देत. गिरजाबाई बौद्ध दीक्षा घेतलेल्या, आम्ही कुणबी, माझ्या पुढची तेलीण. पण रांगेत पाण्याचा माठ एकच. पहिल्या दिवशी एक बाई माठापाशी अडखळली तर म्हणाल्या, "तान लागली नसन तर पुढं चाल."

आणि त्यांचा एक नियम होता. रांगेतली कोणतीही बाई "थांबा" म्हणू शकते. म्हटलं की सगळी रांग जागच्या जागी उभी. त्या म्हणत, "कावून म्हटलं ते मंग पाहू." आणि थांबा म्हणणारीची हजेरी कापायची नाही. हे त्यांनी ठेकेदाराकडून कबूल करून घेतलं होतं. एकदा एका पोरीनं साप म्हणून रांग थांबवली आणि दोरी निघाली. मिस्त्री चिडला. गिरजाबाई म्हणाल्या, "आज दोरी निघाली. उद्या साप निघन तेव्हा तू येशीन काय पकडाले?"

मग ठेकेदाराकडे नवा मुन्शी आला. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं. त्यानं आल्या आल्या विचारलं, "अम्मा, गेट पे सौ औरतें खड़ी हैं. तुम बीच में किसलिए?"

"बीच में नहीं बाबू, पीछे हूँ," गिरजाबाई म्हणाल्या. "कोई गिरी तो मेरे को पूछो."

"मतलब दलाल."

तेव्हा त्या विटांवरून उठल्या. हिंदी सोडून सरळ आपल्या बोलीत म्हणाल्या, "दलाल माल इकून घरी जाते. मी दिवस बुडेपर्यंत इथंच आहो. मी जामीन आहो या समद्याईची. समजलं तर समज, नाही तर कोणाले इचार."

मुन्शीनं कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेटवर स्वतः उभा राहून बायका निवडू लागला. बाईचा दंड पाहायचा, बोट दाखवून मोठ्यानं मोजायचा. आम्ही गिरजाबाईंच्या दारात जमलो. त्या म्हणाल्या, "ज्याले जायचं ते जा. माह्या नावानं कोणाची चूल पेटत नाही." मी गेले. घरात धान्य नव्हतं, हे खरं. पण मी गेले, हेही खरंच.

ती मोठ्या मशीनच्या पायाची ढलाई होती. एकदा सुरू झाली की मध्ये थांबवायची नाही, असं कारखान्याच्या साहेबांचं सांगणं. सकाळीच एका बाईनं पाणी मागितलं तर मुन्शीनं तिला तिथूनच घरी पाठवलं, "कल से मत आना." मग कोणी काही बोललं नाही. दुपारी खड्ड्याच्या तोंडावरची फळी माझ्या पायाखाली करकरली. पुढची बाईही तिथे क्षणभर अडखळली होती, मी पाहिलं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चालत राहिलो. पुढच्या फेरीला मी फळीच्या कडेकडेनं पाय टाकला. त्याच्या पुढच्या फेरीलाही. माझ्या घशात तो शब्द येऊन बसला होता, आणि मी त्याला तिथेच बसवून ठेवलं.

फळी मोडली ती सुगंधाच्या पायाखाली. सुगंधा माझ्या मागे तिसरी. भरल्या घमेल्यासकट खाली गेली. पाय दोन ठिकाणी मोडला. बायका पळाल्या, रांग विस्कटली, मशीनमधला मसाला मशीनमध्येच आळून दगड झाला. साहेबांनी काम बंद करवलं.

संध्याकाळी मी गिरजाबाईंकडे गेले. त्या तांदळातले खडे वेचत होत्या. मी सांगितलं, मला फळी ऐकू आली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी न विचारता काही बोलले असेन.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "तुही जीभ जड आहे, मले पहिल्या दिवसापासून म्हाईत आहे. म्हणून तुले मी माह्या नजरेसमोर ठेवत होतो. काही करकरलं की तुह्या तोंडावर दिसते पोरी. मी तुह्यं तोंड पाहून थांबा म्हणत होतो."

मला आठवलं. कितीदा तरी माझ्या मनात आलं की काहीतरी बिघडतंय, आणि त्याच वेळी विटांवरून त्यांचा आवाज आला होता, "थांबा वो!" मी समजत होते, यांना देवानं दोन डोळे जास्त दिलेत. ते डोळे माझेच होते. आणि मी म्हणत होते, ही बाई नुसती बसून खाते.

चार दिवसांनी ठेकेदार स्वतः जीपनं आमच्या वस्तीत आला, मुन्शीला घेऊन. गेटवर बायका उभ्याच राहत नव्हत्या. गिरजाबाई उठल्या नाहीत. "बसा शेठ. खुर्ची नाही, बोरा आहे." शेठ त्या गोणपाटावर बसला. "अम्मा, कितना चाहिए?"

"होतं तेवढंच. एक पैसा जास्त नको." मग मुन्शीकडे बोट केलं. "सुगंधाचा पाय जुळेपर्यंत तिची हजेरी लागन. अन् हा बाबू रोज सकाळी रांगेसमोर उभा राहून आपल्या तोंडानं सांगन, थांबा म्हणणारीची हजेरी कटणार नाही म्हणून."

मुन्शी म्हणाला, "मैं बोलूँगा? औरतों के सामने?"

"तुह्या तोंडाले काय झालं? दंड तर मोठमोठ्यानं मोजत होता."

शेठनं होकाराची मान हलवली. दुसऱ्या सकाळी मुन्शी पुटपुटला. गिरजाबाई मागून ओरडल्या, "ऐकू नाही आलं बाबू!" त्यानं पुन्हा सांगितलं. मागच्या बाईपर्यंत ऐकू जाईपर्यंत त्याला चारदा सांगायला लावलं. काम संपेपर्यंत तो रोज सांगत होता.

गिरजाबाई मागच्या महिन्यात वारल्या. ताप डोक्यात गेला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात माणसं जमली. चहा फिरत होता. वासुदेवभाऊ आता युनियनमध्ये बोलतात, चांगलं बोलतात, त्यांच्या आईचं मला माहीत आहे. ते म्हणाले, "मेलेल्या माणसाले नाव ठेवू नये, पण होती तर दलालच. ठेकेदाराले बाया पाहिजेत, बायाले काम पाहिजे. मधात हिचं काय काम होतं? बसून खाल्लं आपल्या बायांच्या घामाचं."

चार-पाच माना डोलल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"थांबा," मी म्हणाले.

फार मोठ्यानं नाही. पण आमच्या रांगेतल्या सात-आठ जणी तिथे होत्या. चहा देणारीचा हात कपावरच थांबला. जी उठत होती ती अर्धी उठलेली तशीच राहिली. सगळं अंगण जागच्या जागी थांबलं.

वासुदेवभाऊ माझ्याकडे वळले. "बोला ना वहिनी. काय झालं?"

सगळे बघत होते. माझ्या तोंडातून पुढचा शब्द निघेना. भिंतीला टेकून, लंगडा पाय पसरून सुगंधा बसली होती. ती म्हणाली, "तिनं थांबा म्हटलं ना? मंग थांबा. कावून म्हटलं ते मंग पाहू."

ते मंग म्हणजे हे लिहिलेलं. पोरीच्या वहीची मागची पानं आहेत, माझं चौथीपर्यंतचं अक्षर आहे. वासुदेवभाऊ, तुम्हाला वाचायला देण्याची हिंमत मला अजून झालेली नाही. पण मी म्हटलं होतं थांबा. माझी हजेरी कापू नका.